विलासिनीअम्माची उदासपणाची गोळी

माझ्या सासूला डॉक्टरांनी उदासपणावरची गोळी लिहून दिली, तेव्हा केरळातल्या आमच्या अख्ख्या किळिकोल्लूरमध्ये तिच्याइतकी हसरी बाई शोधून सापडली नसती. त्यामुळे ती गोळी पोटात जायच्या आधीच तिच्यावरून आमच्या गल्लीत जो काही गोंधळ झाला, तो मला पुरा आठवतो. पुढे जे झालं ते त्याहून मोठं होतं, पण सांगायचं तर पहिल्यापासूनच सांगायला हवं.

तिचं नाव विलासिनी. ते ठेवणाऱ्याने काय पाहून ठेवलं कुणास ठाऊक, कारण विलास म्हणावा असा प्रकार तिच्या वाट्याला आलाच नाही. तेराव्या वर्षी आईचं बोट धरून काजूच्या कारखान्यात शिरली, ती बाहेर पडली अठ्ठावन्नाव्या वर्षी. काम एकच. जमिनीवर उकिडवं बसायचं, भाजलेली बी डाव्या हाताने दगडावर धरायची, उजव्या हातातल्या लाकडी मोगरीने नेमकी ठोकायची आणि गर न तुटता बाहेर काढायचा. टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, म्हणून मधून मधून राखेत हात घोळवायचे. सकाळी आठला बसलेली बाई दुपारी जेवायला उठायची, पुन्हा बसायची ती संध्याकाळपर्यंत. पंचेचाळीस वर्षं असं बसल्यावर गुडघ्यांचं काय होतं ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. इथली प्रत्येक तिसरी म्हातारी दाराची चौकट धरूनच उठते.

पण अम्माचं तोंड कधी बसलं नाही. कारखान्यात एकदा नवीन मॅनेजर आला. त्याने नियम काढला की, संडासला जायचं असेल तर हात वर करून परवानगी मागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अम्मा खाकरली आणि तिच्या खोलीतल्या एकशे वीस बायकांनी एकदम दोन्ही हात वर केले. मोगऱ्या बंद. मॅनेजर धावत आला. अम्मा म्हणाली, "साहेब, परवानगी मागतोय. तुम्ही द्या, म्हणजे आम्ही एकेक करून जातो." ती रांग दुपारपर्यंत संपली नाही. तिसऱ्या दिवशी नियम गेला. ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या बायकांकडून ऐकली, आणि तिघींनीही ती सांगताना हात वर करून दाखवले.

माझा नवरा बिजू शारजात असतो, वर्षातून एक महिना घरी. म्हणजे घरात राहायच्या आम्ही दोघीच. मी जंक्शनवरच्या, म्हणजे चौकातल्या, बेकरीत काउंटरवर उभी असते आणि संध्याकाळी घरी येते, तेव्हा दिवसभरात गल्लीत काय काय घडलं ते अम्मा मला नकलांसकट सांगते. तिने आपल्या गुडघ्यांनाही नावं ठेवली होती. डावा मॅनेजर, कारण तो जागचा हलत नाही. उजवा युनियन, कारण तो सकाळी उठल्याउठल्या घोषणा द्यायला लागतो.

साठीनंतर मात्र विनोद तेवढे राहिले आणि चालणं गेलं. वैद्यांचं तेल झालं, पानांची पुरचुंडी गरम करून शेकणं झालं. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या ती चार वर्षं चण्याफुटाण्यासारख्या खात होती, त्यांनी एक दिवस पोटात जखम केली आणि तिला रक्त चढवावं लागलं. त्या गोळ्या कायमच्या बंद झाल्या. ऑपरेशनचं विचारलं, तर हृदयाची झडप कमजोर निघाली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, मी झोपवीन, पण उठवायची खात्री देत नाही. अम्मा म्हणाली, मग राहू दे, मला झोपेतून उठायची सवय आहे.

ती हे हसत म्हणाली, पण त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. तिची धाकटी बहीण रत्नम्मा मन्रो बेटावर राहते, तिच्याकडे जायला होडीत चढावं-उतरावं लागतं. अम्मा तीन वर्षं तिकडे गेली नव्हती. विचारलं की म्हणायची, "तिचा नवरा फार बोलतो, मला बोलायला मिळत नाही."

शेवटी वॉर्डातल्या आशाताईंनी सुचवलं म्हणून आम्ही सरकारी हॉस्पिटलच्या दुखण्याच्या ओपीडीत गेलो. ती दर गुरुवारी असते. तिथले डॉक्टर नौशाद म्हणजे चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी अम्माचे गुडघे पाहिले, कागद पाहिले आणि ट्रॅमाडॉल नावाची गोळी सुरू केली. ही अफूच्या जातीतली आहे, त्यांनी मला आणि अम्माला दोघींना बजावलं. सांगितली तेवढीच घ्यायची, मनाने वाढवायची नाही, मनाने बंद करायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. अम्माच्या कानात फक्त अफू शिरलं. घरी येताना रिक्षावाल्याला तिने सांगितलं की, आयुष्यभर सरळ वागले, आता अडुसष्टाव्या वर्षी सरकारनेच मला नशेला लावलं.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ व्हायची, पोट साफ होईना, दुपारी बातम्या बघता बघता मान खाली. दुखणं कमी झालं, पण चार आण्यांनी. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी त्या गोळ्या दिवसाला तिनाच्या दोन केल्या, पोटासाठी एक पातळ औषध दिलं आणि रात्री घ्यायला एक छोटी कॅप्सूल लिहिली. कॅप्सूल कशासाठी ते त्यांनी समजावलं होतं. पण अम्मा तेव्हा त्यांना विचारत होती की, तुम्ही एवढं हळू बोलता तर घरी बायको तुमचं ऐकते का. त्यामुळे आमचं दोघींचंही लक्ष नव्हतं.

औषधं घ्यायला आम्ही जंक्शनवरच्या सुगतनच्या मेडिकलमध्ये गेलो. सुगतन मनाने चांगला आहे, अम्माला चेची म्हणजे ताई म्हणतो, पण त्याला एका कानाने कमी ऐकू येतं आणि तो सगळ्या जगालाच बहिरं समजतो. त्याने चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि ओरडून विचारलं, "उदासपणाची गोळी कुणाला? विलासिनीचेचीला? काय झालं चेची, मन लागत नाही का?"

रांगेत सहा माणसं होती. त्यांतली दोन आमच्या गल्लीतली. अम्माच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण ती एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट. घरी येऊन तिने कॅप्सूलचं पाकीट देवाच्या फोटोमागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी पलीकडची बाई सहज म्हणून डोकावली आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारून गेली की, रात्री झोपेत बडबडते का. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मंदिरातला अंगारा पाठवला.

पुढच्या गुरुवारी अम्मा डॉक्टरांच्या टेबलावर ते न उघडलेलं पाकीट ठेवून समोर बसली.

"डॉक्टर, माझं डोकं दुखत नाही. गुडघे दुखतात. हे खाली आहेत."

"माहीत आहे, अम्मा."

"मग ही वेड्यांची गोळी कशाला? मला बघून तुम्हाला मी उदास वाटले?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं की कारखान्याच्या फाटकावर वॉचमन असायचा का. असायचा, अम्मा म्हणाली, दामोदरन, कायम झोपलेला. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मणक्यातही असा एक वॉचमन आहे. गुडघ्याकडून डोक्याकडे जे निरोप जातात, त्यांतले निम्मे तो अडवतो. पण एवढी वर्षं रोज हजार निरोप आले की तोही थकतो, झोपतो, आणि मग सगळंच आत जातं. ट्रॅमाडॉल आत बसलेल्या माणसाचे कान झाकते. ही कॅप्सूल वॉचमनला जागं करते. उदासपणावर ती चालते हे खरं. तिच्या वेष्टनावर तसं लिहिलेलंही असतं. पण तुम्हाला मी ती गुडघ्यांसाठी देतोय. दोन्ही मिळून थोड्या थोड्या दिल्या तर अफूची गोळी वाढवावी लागत नाही. मात्र दोन्हींचा काही भाग एकाच जागी काम करतो, म्हणून अंग थरथरलं, घाम फुटला, तर लगेच यायचं.

अम्मा ऐकत होती. मग डॉक्टरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "झोप लागते?"

"युनियन झोपू देत नाही."

"बहिणीकडे जाता का? मागे म्हणाला होतात, बेटावर असते."

अम्मा खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली लावल्या होत्या. मग म्हणाली, "तीन वर्षं झाली."

डॉक्टरांनी पाकीट तिच्याकडे सरकवलं आणि तिने ते उचलून कमरेच्या पिशवीत टाकलं.

पहिले दहा दिवस काही फरक पडला नाही. तोंड कोरडं पडायचं, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी चहा ठेवला आणि मागे वळले, तर अम्मा स्वयंपाकघरात माझ्या मागे उभी होती, चौकट न धरता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दुखत नाही का, मी विचारलं. दुखतं, ती म्हणाली, पण शेजारच्या घरात दुखल्यासारखं दुखतं.

त्या महिन्यात ती रत्नम्माकडे गेली. मी आणि होडीवाल्याने तिला दोन बाजूंनी धरलं. तिने एक पाय होडीत टाकला आणि होडी डुलली. दुसरा पाय धक्क्यावरच, आणि मधे अम्मा, वसुदेवाने यमुनेत उभं राहावं तशी. होडीवाला घाबरला. ती म्हणाली, "थांबा, मॅनेजरची सही राहिलीये," आणि डावा पाय हाताने उचलून आत घेतला. पलीकडे रत्नम्मा काठावर गुडघाभर चिखलात येऊन उभी होती. दोघी बहिणी रडल्या नाहीत. रत्नम्माने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की कालपासून तुझ्यासाठी कप्प्याचा कंद उकडून ठेवलाय, आता त्याचा दगड झाला. अम्मा दोन दिवस राहिली आणि रत्नम्माच्या नवऱ्याला एक वाक्य पुरं करू दिलं नाही.

इथवर सगळं छान होतं. घोळ झाला तो अम्माच्या मोठ्या मनामुळे.

पंकजाक्षी नावाची तिची मैत्रीण. कारखान्यात एकतीस वर्षं दोघी शेजारी शेजारी बसल्या, एकाच राखेच्या टोपल्यात हात घोळवले. पंकजाक्षी अम्मापेक्षा तीन वर्षांनी लहान, अंगाने बारीक, बोलायला कमी. अम्मा बोलायची आणि पंकजाक्षी हसायची, अशी त्यांची वाटणी होती. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा ती पार मिटून गेली होती, जेवेना, उठेना. अम्मा रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायची, नकला करायची, आणि तीन-चार महिन्यांनी पंकजाक्षी पुन्हा माणसांत आली. गल्लीत सगळे म्हणत, विलासिनीने तिला हसवून उठवलं. अम्मालाही ही गोष्ट सांगायला फार आवडायची.

तर आता या पंकजाक्षीचेही गुडघे गेले होते. सरकारी हॉस्पिटलची रांग तिला नको होती. अम्माने मनाशी ठरवलं की गुडघे सारखे, कारखाना सारखा, तर औषध वेगळं कशाला. तिने आपल्या दोन्ही पाकिटांतून पाच दिवसांच्या गोळ्या कापल्या, स्टीलच्या डब्यात माशाच्या कालवणाशेजारी ठेवल्या आणि पोचवल्या. मला पत्ता नव्हता. त्या दिवसांत तिने स्वतः कमी घेतल्या, आणि मॅनेजर आणि युनियन दोघांनी तिला कळ आणली, तरी ती बोलली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मी बेकरीत असताना पंकजाक्षीच्या सुनेचा फोन आला. आई थरथरतेय, ती म्हणाली, घामाने निथळतेय, पाय आपोआप उडतायत, आणि थांबत नाही अशी बोलतेय. पंकजाक्षी आणि थांबत नाही अशी बोलतेय म्हटल्यावर मी काउंटर सोडून निघाले. घरावरून जाताना अम्माला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"काय दिलंस, अम्मा?"

"माझ्याच गोळ्या दिल्या गं. दोन्ही. मला बरं वाटलं, म्हणून."

रिक्षात पंकजाक्षीचं डोकं माझ्या खांद्यावर आणि पाय अम्माच्या मांडीवर होते. ते पाय अम्मा दोन्ही हातांनी दाबून धरत होती आणि ते उडतच होते. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने गोळ्यांची नावं ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय एकदा उडायचा तो चार-पाचदा उडाला. तिने विचारलं, "अजून काय घेता? अजून एखादी गोळी चालू आहे का?"

काही नाही, सून म्हणाली. काही नाही, अम्मा म्हणाली, तिला तर कधी साधं डोकंही दुखत नाही. पंकजाक्षीचे दात वाजत होते. तिने ब्लाउजमधून हातरुमालाची छोटी गाठ काढली आणि डॉक्टरणीच्या हातात दिली. आत अर्धं संपलेलं एक पाकीट होतं. डॉक्टरणीने ते वाचलं आणि नर्सला भराभर सूचना दिल्या. तेवढ्यात डॉक्टर नौशाद आले. त्यांनी पाकीट पाहिलं आणि विचारलं, किती वर्षं? अकरा, पंकजाक्षी म्हणाली.

ती उदासपणावरचीच गोळी होती, दुसऱ्या जातीची. त्रिवेंद्रमच्या एका डॉक्टरांकडून ती दर दोन महिन्यांनी आणत होती. घरी सांगायची, देवळात जाते.

पंकजाक्षीला सलाइन लावलं, सगळ्या गोळ्या तेवढ्यापुरत्या बंद केल्या, रात्रभर नजरेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी थरथर उतरली, तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. डॉक्टर नौशाद त्या दिवशी अम्माला व्हरांड्यात घेऊन गेले. ते नेहमीसारखेच हळू बोलले, म्हणून ते जास्त लागलं. या गोळ्या मेंदूत एकच रस वाढवतात, ते म्हणाले. तुम्हाला मी मोजून दोन दिल्या. तिच्यात आधीच एक होती, त्यावर तुम्ही दोन ओतल्या, आणि भांडं उतू गेलं. ताप चढला असता तर ती हाती लागली नसती. अम्माने मान खाली घातली होती. एवढंच म्हणाली की, मला माहीत नव्हतं ती घेते. डॉक्टर म्हणाले, म्हणूनच द्यायची नसते.

अम्माला वाटलं होतं, आता आत जाऊन माफी मागायची, पंकजाक्षी हसेल, आणि संपलं. पण पंकजाक्षीने भिंतीकडे तोंड केलं. वॉर्डात आजूबाजूच्या खाटांवर आमच्याच भागातल्या बायका होत्या. डॉक्टरांनी वॉर्डात पुन्हा विचारलेलं आणि तिने सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. अकरा वर्षं रुमालाच्या गाठीत ठेवलेली गोष्ट अम्माच्या डब्यामुळे चव्हाट्यावर आली. आणि अम्माही आतून दुखावली होती. माझ्या मांडीला मांडी लावून बसायची, अम्मा मला म्हणाली, तिच्या घरातल्या मांजराची बाळंतपणं मला माहीत, आणि हे नाही सांगितलं.

तीन आठवडे दोघी बोलल्या नाहीत. घर एवढं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. मी कामावरून आले की अम्मा भाजी काय केली ते सांगायची आणि गप्प. दामोदरनची नक्कल नाही, सुगतनची नाही. एकदा मी विचारलं, दुखतं का. नाही, ती म्हणाली, गुडघे बरे आहेत, तोच तर त्रास आहे, आता जायचं कुणाकडे.

एका रविवारी सकाळी ती साडी नेसून तयार झाली आणि म्हणाली, "मोळे, पोरी, मला पंकजाक्षीच्या दारापर्यंत सोड." मी दारापर्यंत सोडलं, पण सुनेने मलाही आत घेतलं, म्हणून पुढचं मी ऐकलं. पंकजाक्षी मागच्या पायरीवर शेवग्याची पानं निवडत बसली होती. अम्मा तिच्या शेजारी बसली. बसायला तिला बराच वेळ लागला आणि पंकजाक्षीने मदतीला हात पुढे केला नाही. अम्माने न विचारता पानं निवडायला घेतली.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तू त्याचा विनोद केला असतास."

अम्माचा हात थांबला. तिला नाही म्हणायचं होतं हे मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "केला असता."

"आणि दुसरं असं की, चेची," पंकजाक्षी पानांकडे बघत म्हणाली, "तू सगळ्यांना सांगत फिरायचीस, मी हिला हसवून उठवलं. एवढ्या आनंदाने सांगायचीस. मी कुठल्या तोंडाने सांगू की ती गोळी होती?"

कोंबडी येऊन पानांत चोच मारून गेली, तिला कुणी हाकललं नाही.

"थोडं तरी माझं होतं का त्यात?" शेवटी अम्माने विचारलं, अगदी लहान आवाजात.

"होतं की. गोळीने मी उठून बसायचे. पण उठून बसायचं कशाला, तर संध्याकाळी तू येणार म्हणून." पंकजाक्षीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "दोन्ही लागलं, चेची. एकट्या गोळीने झालं नसतं, आणि एकट्या तुझ्याने तर मी नक्की मेले असते."

अम्मा हसली, पण डोळे पुसून. मग पंकजाक्षी हसली. सून चहा घेऊन आली, तेव्हा दोघी मिळून कोंबडीला शिव्या देत होत्या.

पुढच्या आठवड्यात औषधं घ्यायला अम्मा सुगतनकडे गेली ती पंकजाक्षीला बरोबर घेऊन. शनिवार होता, दुकान भरलेलं. अम्माने चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि सुगतनच्याच पट्टीत, गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून सांगितलं, "माझी उदासपणाची गोळी दे रे. तीस दे. गुडघ्यांना उदास वाटतं. आणि कुणाला अंगारा पाठवायचा असेल, तर आज घरीच आहे." सुगतनने पहिल्यांदाच खालच्या आवाजात विचारलं, अजून काही? पंकजाक्षी मागे उभी होती. तिने आपली चिठ्ठी पुढे केली. ओरडली वगैरे नाही, पण रुमालात न गुंडाळता, उघडी पुढे केली.

ही चिठ्ठीही डॉक्टर नौशादांचीच होती. त्यांनी त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून पंकजाक्षीची जुनी गोळी हळूहळू कमी केली होती आणि मनालाही चालेल, गुडघ्यालाही चालेल अशी अम्माचीच कॅप्सूल तिला सुरू केली होती. अफूची गोळी तिला दिलीच नाही. तिला तेवढ्यावर भागलं. मांडीचे व्यायाम मात्र दोघींना लावून दिले. दोघी आमच्या पडवीत खुर्च्यांवर बसून समोर पाय ताणतात आणि दहापर्यंत मोजतात. अम्मा सातनंतर एकदम दहा म्हणते.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. अम्माच्या दिवसाच्या अफूच्या दोन गोळ्यांची एक झाली, मग अर्धी, आणि पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी ती बंद केली. बंद करताना चार दिवस तिची चिडचिड झाली, जांभया यायच्या, नाक वाहायचं. ती म्हणाली, सरकारने नशेला लावलं आणि सरकारनेच सोडवलं, मला काही करावंच लागलं नाही. कॅप्सूल चालू आहे. गुडघे नवे झालेले नाहीत. थंडीत डावा अजून अडून बसतो, आणि जिना चढायचा झाला तर ती खालूनच हाका मारून काम करून घेते. पण भाजीला जंक्शनपर्यंत जाते, आणि रत्नम्माकडे या वर्षात चारदा जाऊन आली.

हल्ली गुरुवारी दोघी बसने एकत्र हॉस्पिटलला जातात. कुणी बाई, किंवा कुणी रिटायर्ड ड्रायव्हर, कॅप्सूलचं पाकीट परत करायला आला की डॉक्टर त्यांना बाहेरच्या बाकावर पाठवतात आणि सांगतात, आधी त्या दोघींशी बोलून या. अम्मा त्यांना वॉचमनची गोष्ट सांगते, आता त्यात दामोदरनचं घोरणंही आलंय. पंकजाक्षी एकच गोष्ट सांगते, घरात अजून कुठली गोळी घेत असाल, तर ती कितीही लपवलेली असो, डॉक्टरांना दाखवा.

गेल्या खेपेला मीही सुट्टी काढून गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं दहापैकी किती? पंकजाक्षी म्हणाली, चार. अम्मा म्हणाली, माझंही चारच होतं, पण हिने बसमध्ये खिडकी सोडली नाही, मला उभं राहावं लागलं, तेव्हा पाच लिहा. पंकजाक्षी म्हणाली, खोटं, कंडक्टरशी गप्पा मारायच्या म्हणून स्वतःच उभी राहिली. डॉक्टर दोघींकडे बघत राहिले आणि मग त्यांनी कागदावर साडेचार लिहिलं.